वयाच्या माथी मारलेले दोष

गेम चालत नाही म्हणजे पीसी जुना झाला, आणि पीसी जुना झाला म्हणजे नवा घ्या. दुकानदार हेच सांगतो, दुरुस्तीवाला हेच सांगतो, वर्तमानपत्रातल्या तंत्रज्ञानाच्या पानावरचा सल्लागार फिरून फिरून इथेच येतो, आणि कॉलेजात जाणारा भाचा तर स्क्रीनकडे न बघताच हा निकाल देऊन मोकळा होतो. सांगणाऱ्याचं यात काही जात नाही. ऐकणाऱ्याचे मात्र पन्नास-साठ हजार रुपये जातात, आणि बऱ्याचदा तो गेमही जातो. कारण नव्या मशीनवर तो चालेल याची हमी या सल्ल्यात कुठेच नसते.

माझा या सल्ल्याला विरोध आहे, आणि तो हळवेपणातून आलेला नाही. जुन्या वस्तूंचा मला लळा नाही. खडखडणाऱ्या पंख्याचा एसएमपीएस मी आनंदाने भंगारात देईन. माझं म्हणणं एवढंच की ‘जुना झाला’ हे कारण नव्हे. गेम अडतो तेव्हा त्यामागे एक नेमकं कारण असतं, ते शोधता येतं आणि पुष्कळदा दूरही करता येतं. ते न शोधता वयावर बोट ठेवणं म्हणजे गुडघा दुखतो म्हणून आलेल्या साठीच्या माणसाला हात न लावता ‘आता वय झालं’ म्हणत परत पाठवणं. त्याचा दुसरा गुडघाही साठ वर्षांचाच असतो, आणि तो ठणठणीत असतो.

मुळात हा सल्ला देणारे एक साधा फरक करत नाहीत. गेम रडतखडत चालणं वेगळं आणि गेम सुरूच न होणं वेगळं. रडतखडत चालतो तेव्हा प्रश्न ताकदीचा असू शकतो. ग्राफिक्स कार्ड लहान असेल, रॅम अपुरी असेल, हार्ड डिस्क संथ असेल. तिथे वयाचा संबंध आहे, मान्य. पण गेम आयकॉनवर क्लिक करूनही उघडत नाही, काळ्या पडद्यावर थिजतो, किंवा एक छोटी इंग्रजी खिडकी दाखवून गायब होतो, तेव्हा ताकद मोजण्याची वेळच आलेली नसते. त्याला हवं असलेलं काहीतरी तिथे नसतं, किंवा नको असलेलं काहीतरी तिथे असतं. ते ‘काहीतरी’ कोणतं, एवढाच प्रश्न उरतो.

२०१६च्या ऑगस्टमध्ये ‘नो मॅन्स स्काय’ पीसीवर आला तेव्हाची गोष्ट याला चांगली लागू पडते. एएमडीच्या फेनम मालिकेचे प्रोसेसर असलेल्यांकडे हा गेम सुरू होता होताच कोसळू लागला. पहिले फेनम २००७चे. साहजिकच निकाल तयार होता: प्रोसेसर म्हातारा, बदला. प्रत्यक्षात गेममध्ये वस्तूंच्या हालचालींचं आणि धडकांचं गणित करणारा हॅवॉक नावाचा भाग होता. तो कंपाइल करताना त्यात एसएसई कुटुंबातल्या अशा काही सूचना गेल्या होत्या, ज्या फेनमला ठाऊकच नव्हत्या. प्रोसेसरपुढे अनोळखी सूचना आली की तो हळू होत नाही, तिथल्या तिथे थांबतो. गेम बनवणाऱ्या हॅलो गेम्सने काही दिवसांत तो भाग नव्याने कंपाइल करून पॅच दिला. त्याच फेनमवर तोच गेम सुरू झाला. त्या काही दिवसांत प्रोसेसर तरुण झाला नव्हता. ज्यांनी घाईने मदरबोर्डसकट सगळं बदलून टाकलं, त्यांनी एका कंपाइलरच्या सेटिंगची किंमत स्वतःच्या खिशातून भरली.

यावर म्हटलं जाईल, की हे कंपनीतल्या इंजिनिअरला कळतं, सामान्य माणसाने कसं शोधायचं? तर विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची गोष्ट आहे. स्टार्ट मेनूत नाव टाइप केलं की उघडते. विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशनवर गेलं की गेम ज्या मिनिटाला कोसळला त्या मिनिटाची लाल खुणेची नोंद दिसते. त्या नोंदीत दोन ओळी कामाच्या: कोणत्या मोड्यूलमध्ये गेम कोसळला त्याचं नाव, आणि एक्सेप्शन कोड. कोड सी०००००१डी असेल तर प्रोसेसरला न कळणारी सूचना आली, म्हणजे फेनमवाल्यांचाच आजार. सी००००००५ असेल तर प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. तिथे मोड्यूलच्या जागी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलचं नाव असेल तर आधी ड्रायव्हर बदलून बघायचा, आणि कधी कधी नवा काढून जुना टाकायचा. गेम उघडतानाच सी००००१३५ आलं तर एखादी डीएलएल फाइल गायब आहे. सी०००००७बी आलं तर बहुतेक वेळा ३२ बिटच्या गेमसमोर ६४ बिटची फाइल आली आहे. चार कोड. दहावीच्या पोराला रविवारी सकाळी पाठ होतील. पण ही नोंद उघडून बघणारा दुरुस्तीवाला शोधायला मात्र अख्खा लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागेल.

दुरुस्तीवाल्याचं आवडतं औषध वेगळंच आहे: ‘फॉरमॅट मारून देतो, नवीन विंडोज टाकतो.’ या उपायाने पुराव्याची नोंद जाते, आधी चालत असलेला ड्रायव्हर जातो, आणि माय डॉक्युमेंट्समध्ये पडून असलेले सेव्ह केलेले गेम जातात. दोष मात्र राहतो. त्यातला सगळ्यात नेहमीचा दोष बघा. डी३डीएक्स९ अशा नावाने सुरू होणारी डीएलएल फाइल सापडत नाही, असा संदेश २००५ ते २०१० या काळातला गेम टाकणाऱ्या जवळपास प्रत्येकाने पाहिलेला आहे. या फाइली विंडोजसोबत येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने जून २०१०मध्ये डायरेक्टएक्सचा जो एकत्रित रनटाइम दिला, त्यात त्या आहेत, आणि तो वेगळा टाकावा लागतो. विंडोज ७वर टाकावा लागत होता, विंडोज ११वरही टाकावा लागतो. म्हणजे काल आणलेल्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवरही हाच संदेश येणार. जुन्या पीसीवर आला की ‘मशीन जुनं’, नव्यावर आला की ‘गेम जुना’. एकच फाइल गायब आणि दोन्हीकडे दोष वयाला! (ही फाइल कुठल्याशा फुकट डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून उतरवून सिस्टिम फोल्डरात डकवणारे वीर आहेत. त्यांच्या पीसीत नंतर जे काही शिरतं, त्याला खरोखर फॉरमॅटशिवाय उपाय नसतो.)

वीस-तीस रुपयांच्या दोषाचंही असंच होतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या डेस्कटॉपवर गेमचं लॉन्चर एकाएकी लॉग-इन घेईना. इंटरनेट चालू, मोबाइलवर सगळं ठीक, पीसीवर मात्र ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’. दुकानात दाखवला तर उत्तर आलं: मदरबोर्ड जायला लागलाय, किती वर्षं वापरणार? प्रत्यक्षात मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता. तो संपला की वीज बंद केल्यावर पीसी तारीख विसरतो आणि सुरू होताना कित्येक वर्षं मागे जातो. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर जे प्रमाणपत्र दाखवतो त्यावर ‘अमुक तारखेपासून वैध’ असं लिहिलेलं असतं. पीसीच्या हिशेबाने ती तारीख अजून उजाडलेलीच नसते, म्हणून तो सर्व्हरला ओळख देत नाही. सेल बदलला, तारीख लावली, लॉग-इन झालं. स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख वाचण्याचे कष्ट दुकानात कोणी घेतले नव्हते. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवणं, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणं ही कामंही याच जातीची. दर अर्ध्या तासाने गेम बंद पडणाऱ्या कितीतरी मशीनांना ताप चढलेला असतो, आणि तो उतरवायला ब्लोअर पुरतो.

आता उलट बाजूने बघू. दोष वयाचा असता तर जेवढं मशीन नवं आणि वेगवान, तेवढा गेम बिनघोर चालायला हवा. पीसीवरच्या गेमचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. ३८६ आणि ४८६च्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं, ते ज्यांनी दाबलंय त्यांना आठवत असेल. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन मुद्दाम हळू करण्यासाठी. कारण सुरुवातीचे कित्येक गेम प्रोसेसरच्या वेगालाच घड्याळ मानून लिहिलेले होते. १९९०चा ‘विंग कमांडर’ ४८६वर टाकला की अंतराळयानं अशी सुसाट सुटत की नेम धरायला वेळच मिळू नये. बोरलँडच्या टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांचा ‘रनटाइम एरर २००’ हा तर अभ्यासक्रमात ठेवावा असा नमुना आहे. प्रोग्राम सुरू होताना तो मशीनचा वेग मोजायचा: सुमारे ५५ मिलिसेकंदांत एक रिकामी फेरी किती वेळा होते ते मोजून ५५ने भागायचं. उत्तर ६५,५३५च्या आत बसेल अशी जागा ठेवलेली. पेंटियम २०० मेगाहर्ट्झच्या पलीकडे गेले तसं उत्तर त्या जागेत मावेना, आणि शून्याने भागल्याची तक्रार करून प्रोग्राम पहिल्याच पावलाला कोसळू लागला. नवं मशीन घेतलं म्हणून बंद पडलेला गेम! त्या काळच्या सल्लागाराने यावर काय सांगितलं असतं, याची मला फार उत्सुकता आहे.

अशी रांगच लावता येईल. दोन जीबीहून जास्त मोकळी जागा दिसली की ती ऋण संख्या समजून ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणणारे जुने इन्स्टॉलर. दोन कोअरचे प्रोसेसर आल्यावर वेळेचा हिशेब चुकून धक्के खात चालणारे गेम, ज्यांच्यासाठी एएमडीला ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर नावाचं खास पुरवणी सॉफ्टवेअर द्यावं लागलं. विंडोज ७वर ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये गवत आणि पाणी भलत्याच रंगात दिसायचं. कारण तो गेम २५६ रंगांची एक यादी ठरवून चित्र काढतो आणि विंडोज एक्सप्लोरर त्या यादीत मधेच ढवळाढवळ करतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद केला की गवत हिरवं. आवाजाचंही तेच. विंडोज व्हिस्टाने साउंड कार्डाकडून थेट काम करून घेण्याची डायरेक्टसाउंडची वाट काढून टाकली, त्यामुळे १९९८च्या ‘थीफ’सारख्या गेममध्ये पहारेकऱ्याच्या पावलांचा अंदाज देणारा मूळ आवाज एक्सपीच्या जुन्या डब्यावर सरळ मिळतो आणि नव्या मशीनवर त्यासाठी खटपट करावी लागते. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत, आणि नव्वदच्या दशकातले कितीतरी गेम स्वतः ३२ बिटचे असूनही त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटचा. गेम चालू शकतो, पण पेटीतून बाहेरच येत नाही.

आणि ‘स्किमर’ची गोष्ट तर मी या वादात पडणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. ‘जीटीए सॅन अँड्रिआस’ पीसीवर जून २००५मध्ये आला. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत तासाच्या भाड्यावर तो किती खेळला गेला, हे त्या पिढीला सांगायला नको. त्यात स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. २०२४च्या अखेरीस विंडोज ११चं २४एच२ हे अपडेट आलं आणि हे विमान गेममधून नाहीसं झालं. मुद्दाम बोलावून त्यात बसलं तर खेळाडू आकाशाच्याही पार, कल्पनेपलीकडच्या उंचीवर फेकला जाई. लोकांनी अर्थातच नव्या विंडोजला शिव्या घातल्या, आणि उरलेल्यांनी ‘वीस वर्षांचा गेम, आणखी काय होणार’ म्हणून खांदे उडवले.

सायलेंट या टोपणनावाने या गेमचे पॅच बनवणाऱ्या प्रोग्रामरने कारण खणून काढलं आणि एप्रिल २०२५मध्ये ते लिहून मांडलं. गेममधल्या प्रत्येक वाहनाची माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलीत एकेका ओळीत आहे. आधीच्या ‘व्हाइस सिटी’त स्किमरची नोंद बोट म्हणून होती, आणि बोटीला चाकं नसल्यामुळे तिच्या ओळीत चाकांचे आकडे लागत नसत. सॅन अँड्रिआसमध्ये त्याला विमान केलं, पण ओळीच्या शेवटी चाकांचे आकडे घालायचे राहिले. गेम ओळ वाचताना सगळे आकडे मिळाले की नाही हे तपासत नाही. न मिळालेल्या आकड्याच्या जागी मेमरीत जे आधीचं पडलेलं असेल तेच उचलतो. तिथे योगायोगाने त्याआधी वाचलेल्या टॉप फन नावाच्या व्हॅनच्या चाकांचा आकडा शिल्लक राहायचा. स्किमर वीस वर्षं एका व्हॅनच्या उष्ट्या चाकांवर उडत होतं! २४एच२मध्ये विंडोजच्या आतल्या एका फंक्शनने कामासाठी मेमरीचा तोच तुकडा थोडा जास्त वापरायला सुरुवात केली, व्हॅनचा आकडा पुसला गेला, त्या जागी अवाढव्य कचरा आला आणि विमान गेलं उडून.

इथे वय कशाचं झालं होतं? गेमच्या फाइलीतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. विंडोजने केलं ते पूर्ण कायदेशीर होतं. ती मेमरी त्याचीच होती. चूक २००५ची, पहिल्या दिवसापासूनची, आणि तिची दुरुस्ती म्हणजे एका ओळीत राहिलेले आकडे भरणं. सायलेंटने कारण शोधलं नसतं तर ‘जुना गेम, नवीन विंडोज, जमत नाही’ हेच शेवटचं वाक्य ठरलं असतं, आणि ते ऐकायला अगदी समंजसही वाटलं असतं.

असं कारण शोधण्याची जबाबदारी एकेकाळी खुद्द विंडोज बनवणारे घेत असत. १९९५मध्ये विंडोज ९५ बाजारात आणण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या लोकांना आढळलं की ‘सिमसिटी’ परत केलेली मेमरी पुन्हा वाचतो. डॉसमध्ये हे खपून जायचं, विंडोज ९५मध्ये गेम कोसळायचा. चूक सरळसरळ गेमची. तरी त्यांनी विंडोजमध्येच तजवीज केली: सिमसिटी चालू आहे असं दिसलं की परत आलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. त्यामागे प्रेम नव्हतं, धंदा होता. कालपर्यंत चालणारा गेम विंडोज बदलल्यावर चालला नाही तर गिऱ्हाईक विंडोजलाच नावं ठेवणार, हे त्यांना कळत होतं. एक्सपीपासून प्रॉपर्टीजमध्ये दिसणारा कम्पॅटिबिलिटीचा टॅब त्याच विचारातून आलेला आहे. ‘जुना झाला’ ही समजूत समाजात रुजली तेव्हापासून ही जबाबदारी कुणाचीच राहिलेली नाही. गिऱ्हाईक आता विंडोजला नावं न ठेवता स्वतःच्या पीसीला ठेवतं.

म्हणूनच या सल्ल्याला मी निरुपद्रवी मानत नाही. काही गेम अपघाताने बंद पडतात, काही कुणाच्या तरी निर्णयाने बंद होतात, आणि ‘जुना झाला’ या पांघरुणाखाली दोन्ही सारखेच दिसतात. मॅक्रोव्हिजनच्या सेफडिस्कचंच घ्या. सीडी अस्सल आहे की नक्कल हे तपासण्यासाठी त्याचा एक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसायचा. एक्सपीमध्ये तर तो विंडोजसोबतच यायचा. २००७मध्ये त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं. २०१५च्या जुलैमध्ये विंडोज १० आलं ते हा ड्रायव्हर वगळून, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या एका अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद ठेवला. भगदाड बुजवलं ते योग्यच झालं. पण ‘द सिम्स’ किंवा ‘बॅटलफील्ड १९४२’ची पैसे मोजून घेतलेली मूळ सीडी विंडोज १०मध्ये घातली तर गेम सुरू होईना. आणि फूटपाथवरून घेतलेल्या सीडीतली तपासणी आधीच कापलेली असल्यामुळे ती सीडी मात्र चालायची. तपासणी काढून टाकणारा छोटा पॅच देणं प्रकाशकांच्या हातात होतं. कित्येकांनी तो दिलाच नाही. हा दोष कुणाच्या पीसीच्या वयाचा?

२०१४मध्ये गेमस्पायचे सर्व्हर बंद झाले तेव्हाही तेच. ‘बॅटलफील्ड २’च्या ऑनलाइन खेळाचा आधार गेला, जगातल्या सगळ्यात महागड्या मशीनवरही गेला. १ जानेवारी २०२४पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८चा आधार काढून घेतला. त्या मशीनवर आदल्या रात्री जे गेम चालत होते, त्यांना दुसऱ्या सकाळी काही रॅम जास्त लागू लागली नव्हती. सगळ्यात गमतीचं ‘व्हॅलोरंट’. रायट गेम्सने जाहीर केलेल्या किमान अपेक्षांत इंटेलचा कोअर टू ड्युओ ई८४०० होता, म्हणजे २००८चा प्रोसेसर. आणि विंडोज ११वर हाच गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो, जे त्या प्रोसेसरच्या काळातल्या मदरबोर्डवर असणं शक्यच नाही. गेमला जुना प्रोसेसर पुरतो. खेळातल्या फसवणुकीवर पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला पुरत नाही. खुद्द विंडोज ११ जानेवारी २०१७मध्ये आलेल्या कोअर आय-सेव्हन ७७००के या प्रोसेसरला अधिकृत यादीत घेत नाही, आणि आजही बहुतेक गेम त्यावर खुशाल चालतात.

सुरक्षेचा आक्षेप खरा आहे, त्याला बगल देणार नाही. एक्सपीचा पीसी इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचा व्यवहार करणारा माणूस संकट घरी बोलावतो. विंडोज १०चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि सामान्य ग्राहकांना जादा सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे ती एका वर्षापुरती. पण यातून ‘गेमसाठी नवा पीसी घ्या’ हे निघत नाही. निघतं ते एवढंच, की गेमच्या जुन्या पीसीची नेटवर्कची वायर काढा आणि बँकेचं काम मोबाइलवर करा. ‘नीड फॉर स्पीड’ची शर्यत एकट्याने पळायला इंटरनेट लागत नाही.

‘वेळेची किंमत’ हा दुसरा आक्षेप, आणि तो करणारे सहसा नव्या फोनच्या तुलना बघत तीन रात्री काढणारे असतात. तरी उत्तर देतो. २०१२पासून पीसीगेमिंगविकीवर एकेका गेमचं पान आहे: कोणत्या विंडोजवर काय अडतं, कोणती फाइल बदलायची, कोणता पर्याय बंद करायचा. तिथे दहा मिनिटं घालवून उत्तर मिळालं नाही तर पुढचं बघू. शिवाय नवा पीसी म्हणजे काही शून्य वेळ नव्हे. सगळे गेम पुन्हा उतरवणं, सेव्ह हलवणं, आणि मग तीच डीएलएल गायब असल्याचा तोच संदेश वाचणं.

राहिला ‘इम्युलेटर आहेत की’ हा युक्तिवाद. डॉसबॉक्स २००२पासून आहे, उत्तम आहे, आणि तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. जुने गेम काय मागतात हे कुणीतरी एकेक करून शोधलं म्हणून तो बनला. पोलंडमधल्या जीओजीने २००८पासून जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून, सीडीची तपासणी वगैरे काढून विकायला घेतले. म्हणजे जे ‘जुने झाले’ होते ते पैसे देऊन घेणारी माणसंही होती आणि दुरुस्तही करता येत होते.

खऱ्या मर्यादा कोणत्या, तेही सांगतो. गेम डायरेक्टएक्स १२शिवाय चालतच नसेल आणि कार्डाला ते येत नसेल, तर कुठलीही सेटिंग कामाची नाही. लिनक्सवर प्रोटॉन टाकून जुना पीसी वाचवता येतो, पण प्रोटॉनचा मुख्य भाग व्हल्कनवर उभा आहे, आणि साधारण २०१०-११च्या कार्डांना व्हल्कनचे ड्रायव्हर कधी मिळालेच नाहीत. तिथे खरंच नवं कार्ड लागतं. बहुधा कार्डच लागतं, अख्खा पीसी नाही. आणि हेही एक नेमकं कारणच आहे, नाव असलेलं, तपासता येणारं. अशा निदानानंतर कुणी मला खर्च करायला सांगितला तर मी तक्रार करणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेम न चालणारा पीसी घेऊन गेलात आणि समोरच्याने मान हलवत ‘जुना झालाय साहेब’ म्हटलं, तर त्याला दोनच गोष्टी विचारा: एक्सेप्शन कोड कोणता आला, आणि कोणत्या मोड्यूलमध्ये. उत्तर देता आलं तर त्याच्याकडूनच काम करून घ्या. नाही आलं तर पीसी उचला आणि घरी या.